गॅलरीतलं पहिलं महायुद्ध

रविवार, १ डिसेंबर १९८५. सकाळी.

आजपासून अभ्यास. म्हणजे अभ्यासच.

एम.ए. इंग्रजी, एक्स्टर्नल. सगळे पेपर सुटले, एकच राहिलाय: ‘युद्धकाळातील आणि आरंभीची मॉडर्निस्ट इंग्रजी कविता’. दोनदा अडकलो. पहिल्यांदा तपासणाऱ्याला काही कळत नव्हतं. दुसऱ्यांदा माझं पोट बिघडलं होतं. दोन्हीत माझा दोष शून्य. पण हे मालनला कोण सांगणार!

काल तिचा भाऊ लवू घाटकोपरहून आला. नारळ घेऊनच आला, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं. स्वयंपाकघरात देवांपुढे उभा राहून त्याने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, आमचे भावजी यंदा पास होवंदेत, आणि नाय झाले तर ती गॅलरी माझ्या भयणीच्या मशिनीक गावांदे. आता गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं. मालनच्याही आधी गेलं आणि तिच्याहून मोठ्याने गेलं.

आता सुटका नाही. कोर्टाचा निकाल अपिलात फिरतो, गाऱ्हाणं फिरत नाही.

गॅलरी म्हणजे माझी स्टडी. बोरीवलीत वन-रूम-किचनमध्ये स्टडी असलेला आमच्या सोसायटीत मी एकटाच. ग्रिल लावून काचा बसवून घेतल्यात. टेबल, खुर्ची, लॅम्प. मालनचं शिलाई मशीन मोरी आणि ओट्याच्या मध्ये. ती शिवायला बसली की कोणाला मोरीत जाता येत नाही, आणि कोणाला जायचं असेल तर तिला उठावं लागतं. फॉल-पिको, ब्लाउज, परकर. जागा नाही म्हणून निम्मी कामं परत पाठवावी लागतात म्हणते. मी म्हटलं, साहित्य आणि परकर यांत काही फरक आहे की नाही? म्हणाली, आहे ना, परकर वेळेवर होतो.

दुर्लक्ष केलं. एप्रिलमध्ये परीक्षा. फर्स्ट क्लास. मग ज्युनियर कॉलेजात लेक्चरर. पुढचं पुढे.

मंगळवार, ३ डिसेंबर.

पुस्तक उघडलं. प्रस्तावना. चार पानं. डास.

रविवार, ८ डिसेंबर. दुपारी.

ब्रेकथ्रू! प्रस्तावनेच्या सहाव्या पानावर लिहिलंय, की हे कवी स्वतः खंदकात राहिले, चिखलात झोपले, उंदरांबरोबर जेवले, म्हणून त्यांची कविता खरी. आता कळलं मी दोनदा का अडकलो. मी वाचत बसलो होतो! ही कविता वाचायची नाहीच मुळी, जगायची आहे. आजवर एकाही प्रोफेसरच्या हे लक्षात आलेलं नाही.

चार्टपेपर आणला. सात थीम्स, सात रंगांत, स्केचपेनने: चिखल, उंदीर, मैत्री, भ्रमनिरास, तुकडे, ओसाड शहर, ईश्वराचं मौन. आधी प्रत्येकीचा अनुभव घ्यायचा, मग कविता. कविता काय, तासाभरात होतील. चार्ट करण्यात अख्खा रविवार गेला, पण झकास झालाय. मालन म्हणाली, हिरव्यावर पिवळं दिसत नाही. तिला तेवढंच कळतं.

रविवार, १५ डिसेंबर. रात्री, जेवणानंतर.

थीम पहिली: चिखल.

आमच्या ए विंगसमोर कंत्राटदाराने पाण्याच्या पाइपसाठी चर खणून ठेवलाय. छातीएवढा खोल, तळाला राड. फुकटचा खंदक, आणि मी इतके दिवस त्याला शिव्या घालत होतो! सकाळी सहाला उतरलो. जुनी लुंगी, स्वेटर, माकडटोपी, छत्री. बसलो. थंडी. एकटेपणा. पार्श्वभाग ओला. फार चांगलं चाललं होतं.

सातला सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव दूध आणायला निघाले. वाकून विचारलं, काय चाललंय? मी सैनिकाच्या मूडमध्ये होतो. सांगितलं, की हे सगळं संपल्याशिवाय मी वर येणार नाही.

दहा मिनिटांत अख्खी ए विंग चराभोवती. सगळ्यांची समजूत, की मी चराच्या निषेधार्थ उपोषणाला बसलोय. कोणीतरी हार आणला. बायकांनी वरूनच हात लांब करून कुंकू लावलं. मार्तंडराव मातीच्या ढिगावर चढून भाषण करायला लागले, म्हणाले, असा एक माणूस प्रत्येक विंगमध्ये पाहिजे. खुलासा करणार होतो, पण टाळ्या थांबेनात. मालन आली, वाकून बघितलं आणि उपमा खाणार का एवढंच विचारलं. उपोषण असल्यामुळे नाही म्हणावं लागलं. वर काजू घातलेला उपमा होता, वास येत होता.

संध्याकाळी नगरसेवक मोसंबीचा रस घेऊन आले. रस प्यालो, वर ओढून घेतलं मला. उद्या चर बुजवतो म्हणाले. जयजयकार.

चिखलाचा अभ्यास निम्मा झाला म्हणायला हरकत नाही. पण लोकांचं प्रेम पाहून डोळे भरून आले.

सोमवार, १६ डिसेंबर.

चर बुजवला. साइट गेली. मार्तंडराव पेढा देऊन गेले.

गुरुवार, १९ डिसेंबर.

चर बुजवला, पण नवा पाइप टाकायचा राहूनच गेला होता. जुना आधीच काढून नेलेला. ए विंगला थेंब पाणी नाही. रविवारी हार घालणारे आता जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात. मालन बी विंगमधून कळशा आणते. मी आणल्या असत्या, पण पाठ धरलीय. खंदकातल्या सैनिकांचीही धरायची.

बुधवार, १ जानेवारी १९८६.

नवीन वर्ष. पाणी आलं. संकल्प: रोज पहाटे पाच ते सात वाचन. चहासुद्धा नंतर.

गुरुवार, २ जानेवारी.

पहाटे थंडी फार. मेंदू आखडतो. संध्याकाळची वेळ शास्त्रीयदृष्ट्या जास्त चांगली.

गुरुवार, ९ जानेवारी.

थीम दुसरी: उंदीर. आयता घरात आलाय. मालन पिंजरा लावायला निघाली होती, मी मनाई केली. सांगितलं, की मला त्याचं निरीक्षण करायचंय: चाल, नजर, स्वभाव. खंदकात सैनिक आणि उंदीर एकाच ताटात जेवायचे. ती म्हणाली, तुम्ही बसा हवं तर त्याच्या ताटात, पण तो माझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून फिरतो. मी म्हटलं, कलेसाठी थोडी रिस्क घ्यावी लागते.

शनिवार, ११ जानेवारी.

वाट लागली. गावठाणातल्या एमिलियाबाईंची साडी फॉल लावायला आली होती. पदराजवळ वीतभर कुरतडली. मालनने पिंजरा लावला. उंदीर संध्याकाळच्या आत सापडला. मला निरीक्षणाला वेळच दिला नाही त्याने. उद्या एमिलियाबाईंकडे माफी मागायला मी जायचं, असं ठरलंय. म्हणजे मालनने ठरवलंय.

रविवार, १२ जानेवारी.

देव आहे!

एमिलियाबाईंचं गावठाणातलं कौलारू घर. मी हात जोडून उभा. बाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, जाऊंदे, उंदराला काय साडी कळते. मालनने बदल्यात दोन ब्लाउज शिवून द्यायचं कबूल केलंय, ते मी कळवलं. तेवढ्यात ओटीवर बसलेला एक म्हातारा हसला. एमिलियाबाईंच्या सासऱ्यांचा मोठा भाऊ, ह्युबर्टबाबा. नव्वदीला टेकलाय. दात नाहीत, कान तिखट, रोज काठी टेकत चर्चला चालत जातो. म्हणाला, उंदीर म्हणजे बसऱ्याचे. मांजरं पळायची त्यांना बघून.

मी म्हटलं, एवढं समुद्रापलीकडे बसऱ्याला कशाला गेला होतात बाबा? म्हणाला, लढाईला. कुठल्या? पहिल्या.

मटकन ओटीवर बसलो. पहिलं महायुद्ध! खेचरं हाकायला नेलं होतं याला, अठराव्या वर्षी. अख्ख्या युनिव्हर्सिटीत कोणाकडे जिवंत पुरावा नसेल, आणि तो माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पानसुपारी कुटत बसलाय. उंदराशिवाय हे झालं असतं का? मालनला समजावून सांगितलं. तिने उंदराचे आभार मानायला नकार दिला.

रविवार, १९ जानेवारी.

इंटरव्ह्यू पहिला. थीमवार प्रश्न टाइप करून नेले होते, ऑफिसच्या मशीनवर, दोन कार्बन कॉप्यांसकट.

चिखल? म्हणाला, होता, पण आपल्या भाताच्या खाचरात असतो तेवढा नाही. भीती? पाव कडक असायचा त्याची. दुःख? दुःख कसलं, बाबा म्हणाला, खजूर होता. आणि मग खजूर. केवढा, कुठल्या रंगाचा, तोंडात कसा विरघळतो, कसा चोरायचा. दुपारभर खजूर. मग एमिलियाबाईंनी मटणाचं जेवण वाढलं. वर्षाचा बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला, स्वतः कुटलेला. इंटरव्ह्यू तिथेच थांबवावा लागला.

रविवार, २६ जानेवारी.

इंटरव्ह्यू दुसरा. थीम तिसरी: मैत्री. विचारलं, तिथे कोणी जिवाभावाचा मित्र होता का? म्हातारा बराच वेळ अंगणातल्या कोंबड्या बघत बसला. वयोमानाने होतं असं. मी प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारला. मग म्हणाला, होतं ना, खेचर. नाव रोझी. मी लिहून घेतलं, ‘मैत्री: खेचर’.

ईश्वराचं मौन? म्हणाला, मौन कुठलं, पाद्री घोरायचा.

भ्रमनिरास हा शब्द त्याला येईना. मी सोप्या मराठीत समजावून सांगितला, सुरुवातीपासून, उदाहरणं देऊन. संपला तेव्हा बाबा झोपला होता.

निष्कर्ष धक्कादायक आहे. युद्धातल्या माणसाला भ्रमनिरास झालेलाच नाही! सगळ्या कवींनी मिळून ही अफवा उठवलीय. हे जर पेपरात लिहिलं तर तपासणारा खुर्चीतून उठेल.

रविवार, २ मार्च.

फेब्रुवारीत लग्नं फार होती.

ऑफिसातल्या नंदकिशोरने टिप दिली. हा माणूस पेपरचे प्रश्न आकडा लावल्यासारखे काढतो. म्हणाला, भ्रमनिरासावरचा प्रश्न चार वर्षं आलेला नाही, म्हणजे यंदा येणारच, बाकी सगळं ऑप्शनला टाक यार. तो स्वतः बी.कॉम.ला चार वेळा बसलाय, म्हणजे अनुभव दांडगा. टाकलं ऑप्शनला. अभ्यास एका दिवसात ऐंशी टक्के कमी झाला.

सोमवार, १७ मार्च.

थीम पाचवी: तुकडे. मॉडर्निस्ट माणूस सलग बोलत नाही. तुकडे टाकतो, जोडायचं काम दुसऱ्याचं. आज ऑफिसात प्रॅक्टिस केली. एका पेन्शनच्या फाइलवर नोट लिहिली: ‘धूळ. अर्जदार. गेल्या पावसाळ्यापासून. सही कोणाची? संध्याकाळ.’

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, घर. मशीन. मोरी. साहेब खुर्चीतून उठले. मला बसवलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. नंदकिशोरला रिक्षा आणायला पिटाळलं. परीक्षा होईपर्यंत रजा, पूर्ण विश्रांती, गोळ्या घेत असशील तर सोडू नकोस म्हणाले.

लोक स्टडी लीव्हसाठी साहेबांच्या पाया पडतात. मला तीन शब्दांत मिळाली. ही ताकद असते मॉडर्निझमची.

बुधवार, २६ मार्च.

थीम सहावी: ओसाड शहर. धुळवडीच्या दुपारी रस्ते ओसाड असतात म्हणून मुद्दाम निघालो. होते ओसाड. कोपऱ्यापर्यंत. मग नव्हते. कानात अजून जांभळं आहे.

रविवार, ६ एप्रिल.

ह्युबर्टबाबाकडे शेवटची चक्कर. पुन्हा खजूर. वर त्यानेच मला काम लावलं. मे महिन्यात एमिलियाबाईंच्या मुलीचं लग्न आहे, बाबाला त्याचा जुना कोट घालायचाय, पण त्यात आता दोन बाबा मावतील. मालन आत घेऊन देईल का? मी म्हटलं, देईल की, तिला काय काम असतं! घरी सांगितलं तेव्हा मालनने सुई तोंडात धरली होती, म्हणून वाचलो.

गुरुवार, १० एप्रिल. पाडवा.

मुहूर्तावर खरा अभ्यास सुरू. आता प्रत्यक्ष कविता वाचणार. त्याआधी पुठ्ठ्याचा बोर्ड केला: ‘अभ्यास चालू आहे. कोणीही, काहीही सांगू नये.’ अक्षरांना सावली दिली. लाल सावली जमली नाही, पुन्हा केला. गॅलरीच्या दाराच्या काचेवर लावला. संध्याकाळ झाली. श्रीखंड.

रविवार, १३ एप्रिल.

मालन कोटाची मापं घ्यायला सकाळी गेली, ती दुपारी उगवली. मापं घ्यायला एवढा वेळ? आल्याबरोबर गॅलरीचं दार ठोठावलं. म्हणाली, अहो, बाबा आज काय बोलले ऐका तर. मी काचेतून बोर्डाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या लढाईचंच आहे. मी पुन्हा बोट दाखवलं. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. कोटाची भानगड ऐकायला मला आता वेळ नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

वाचन: एक कविता. लांब होती. निम्मी.

शुक्रवार, १८ एप्रिल. संध्याकाळी.

शारजाची क्रिकेट फायनल. बघणार नव्हतो. बोर्ड उलटा करून पाच मिनिटं स्कोअर बघायला बाहेर आलो. शेवटचा चेंडू. जिंकायला त्यांना चार हव्या. सिक्स.

मार्तंडरावांनी अँटेना काढून ठेवलाय. मला जेवण गेलं नाही.

आत्ता लक्षात आलं, थीम चौथी, भ्रमनिरास, पूर्ण. टीव्हीपुढे बसूनही माझा अभ्यास होतो, याला म्हणतात तयारी.

सोमवार, २१ एप्रिल. संध्याकाळी.

जिंकलो!

नंदकिशोर, तुझ्या तोंडात साखर पडो. पहिलाच प्रश्न: युद्धकवितेतील भ्रमनिरास, सोदाहरण चर्चा करा. लिहिलं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. मी स्वतः एक सैनिक अनेक रविवार तपासला आहे. त्याला कसलाही भ्रमनिरास झालेला नाही. त्याचा मित्र खेचर होता. त्याच्या दुःखाचं नाव खजूर. कवींनी अतिशयोक्ती केली आहे, सबब त्यांची उदाहरणं देत नाही. बावीस पानं लिहिली. दोन पुरवण्या घेतल्या. सुपरवायझरसुद्धा येऊन बघून गेला.

मग घड्याळ पाहिलं तर शेवटची दहा मिनिटं. उरलेले चार प्रश्न तुकड्यांत सोडवले. चौथ्याचं अख्खं उत्तर: ‘शहर. धूर. आपण?’ मॉडर्निस्ट प्रश्नाला मॉडर्निस्ट उत्तर. समजणारा समजेल.

घरी येताना पाव किलो बर्फी आणली. मालनला सांगितलं, मशीनसाठी दुसरी जागा बघ.

रविवार, २७ एप्रिल. दुपारी.

बोर्ड काढला. मालन कोटाला अस्तर लावत होती. सहज विचारलं, त्या दिवशी काय सांगणार होतीस?

टाके घालता घालताच सांगायला लागली. बाबा बसऱ्याला एकटा गेला नव्हता. शेजारच्या घरातला पास्कू बरोबर होता, वर्षाने लहान. जायला तयार नव्हता, यानेच मागे लागून नेला. तिथे नदी उतरताना खेचराचा पाय सुटला. पास्कूने दोर सोडला नाही, दोघं वाहून गेले. खेचराचं नाव रोझी.

परत आला तेव्हा पास्कूची आई वेशीवर उभी. बाबाला सांगवेना. म्हणाला, पास्कूला तिकडे साहेबाच्या बंगल्यावर काम लागलंय, येईल सावकाश. मग दर नाताळला स्वतःच्या पगारातून म्हातारीला लुगडं घेऊन जायचा, पास्कूने पाठवलंय म्हणून. वर्षानुवर्षं. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने बाबाचा हात धरून सांगितलं, की पोरा, मला पहिल्या वर्षीच फादरने सांगितलं होतं. पण बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास.

मालनने दोरा दाताने तोडला.

मी म्हटलं, हे मला का सांगितलं नाही त्याने? एवढे प्रश्न विचारले मी! टाइप करून! ती म्हणाली, तुम्ही विचारत होतात ना. मी काही विचारलं नाही. मी नुसती बाही धरून होते.

मी म्हटलं, अगं, पण पेपरच्या आधी तरी सांगायचंस! हाच तो भ्रमनिरास! मालनने कोट झटकून समोर धरला. मग म्हणाली, खांद्याला अजून अर्धा इंच आत घ्यावं लागेल.

सोमवार, २८ एप्रिल.

बावीस पानं. त्यात ‘मित्र खेचर होता’ तीन वेळा. एकदा अधोरेखित.

रविवार, ४ मे.

गावठाणात गेलो. बाबा ओटीवर. म्हणाला, आज कागद नाही आणले? मी म्हटलं, नाही. शेजारी बसलो. मला काहीतरी बोलायचं होतं. मला वाईट वाटत होतं, खरंच फार वाटत होतं, पण कुठून सुरू करायचं कळेना. बाबाही बोलला नाही. ऊन ओटीवरून खाली उतरेपर्यंत बसलो होतो दोघं.

घरी येऊन चार्टवर सातव्या थीमसमोर टिकमार्क केला. मौन. आपोआप झालं.

तरी पास होईन असं वाटतं. माझी मतं चुकली असतील, पण अक्षर चांगलं होतं.

शनिवार, १९ जुलै.

फोर्टला जाऊन बोर्ड बघितला. माझा नंबर नाही. त्याच्या आधीचा आहे, नंतरचा आहे. छापताना राहिला असेल म्हणून खिडकीवर विचारलं. क्लार्कने आत जाऊन बघितलं आणि शंभरापैकी किती मिळाले ते हळू आवाजात सांगितलं. चांगला माणूस. मागच्या रांगेला ऐकू जाऊ दिलं नाही. मीही इथे लिहीत नाही.

घरी लवू आधीच येऊन बसला होता. मी चपला काढेपर्यंत तो गॅलरीत गेला आणि टेबलाची एक बाजू धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. दुसरी बाजू मी धरली.

रविवार, २७ जुलै. सकाळी.

स्वयंपाकघरात, मोरी आणि ओट्याच्या मध्ये बसून लिहितोय. इथे उजेड तसा बरा आहे. कोणी मोरीत गेलं की उठावं लागतं, तेवढंच. पुढच्या वर्षी परीक्षेचं बघू. घाई नाही.

मालनचं मशीन गॅलरीत छान बसलंय. कामं रोज येतात. आज ह्युबर्टबाबा आलाय, पँटची कंबर कमी करून घ्यायला. लग्नातला कोट फार आवडला म्हणे सगळ्यांना. मी खुर्ची नेऊन दिली. बाबाने पाठीवर हात ठेवला, मला म्हणाला, तू बरा आहेस ना? मी हो म्हटलं. मग जरा घुटमळलो, वाटलं आपणही बसावं. मालन म्हणाली, ओट्यावर दूध ठेवलंय, तेवढं बघा.

तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलतोय. बराच वेळ झाला. मध्येच ती मशीन थांबवते, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार, पण तेवढ्यात पुन्हा सुरू करते. इथून एक अक्षर ऐकू येत नाही. जरा पुढे सरकून ऐकायला हवं, पण दूध वर यायला लागलंय.